कारणाचा रकाना

चिमणीची बॅग तीन किलोने जास्त भरत होती. आधी ती न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आडवी ठेवून पाहिली, तर बॅगेखाली आकडाच झाकला गेला. मग चिमणी बॅग छातीशी धरून काट्यावर उभी राहिली आणि तिच्या आईने गुडघ्यांवर बसून आकडा वाचला. मग आजीने निकाल दिला, की काटाच लबाड आहे, गेली दोन वर्षं तो प्रत्येकाला तीन किलो जास्तच दाखवतो. "माझं कुठे आहे एवढं वजन?" हा पुरावा सगळ्यांच्याच सोयीचा असल्यामुळे तो कोणी खोडून काढला नाही.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसून हे पाहत होती. रविवार होता. बुधवारी भाची चिमणी चार वर्षांसाठी परदेशी निघायची, म्हणून सगळे ताईच्या आईकडे, म्हणजे चिमणीच्या आजीकडे, जेवायला जमले होते. ताईच्या पायाशी, खुर्चीला टेकवून, ऑफिसचा लॅपटॉप होता आणि त्यात एक अर्धा भरलेला फॉर्म. संध्याकाळी पाचपर्यंत त्यातला एक रकाना भरायचा होता. आत्ता साडेबारा झाले होते. एवढ्या वेळात एक खोली रंगवून होते. ताईला एक शब्द लिहायचा होता.

परदेशी म्हणजे थोरल्यांकडे. हे नाव तात्यांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी ठेवलेलं. ज्या वर्षी पलीकडच्यांनी, म्हणजे समुद्रापलीकडच्या शेजारी देशाने, आपली दोन बेटं गिळली आणि तिसऱ्याकडे मोर्चा वळवला, त्या वर्षी त्या बलाढ्य मित्रदेशाची करडी जहाजं बंदराबाहेर येऊन उभी राहिली आणि तिसरं बेट वाचलं. तात्या तेव्हा किनारा निरीक्षण केंद्राचे तरुण प्रमुख होते. "थोरले आले," ते म्हणाले. एकत्र कुटुंबातला धाकटा ज्या सुरात थोरल्या भावाचं नाव घेतो, थोडा आदर, थोडा धाक आणि तळाशी चमचाभर चीड, त्याच सुरात हा शब्द घरात रुळला. त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. तात्या जाऊनही नऊ झाली. आईच्या हृदयात बसवलेली झडप थोरल्यांकडची होती. वहिनीच्या, म्हणजे चिमणीच्या आईच्या, दुकानातली निम्मी औषधं त्यांची. चिमणीची शिष्यवृत्ती त्यांची. केंद्राची प्रमुख आता ताई होती, आणि तिथलं रडार, त्याचे पडदे आणि पडद्यांमागे जे काही असतं ते सगळं त्यांचंच.

आणि वकिलाचं तर उभं आयुष्य त्यांच्याशी बोलण्यात गेलं होतं. वकील म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. कायद्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पाचव्या वर्षी, झोपायची वेळ आठऐवजी नऊ का असावी, यावर तो तात्यांशी वाद जिंकला, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे तो परराष्ट्र खात्यात गेला तेव्हा तात्या म्हणाले होते, चला, नाव तरी फुकट गेलं नाही. उद्या, सोमवारी सकाळी अकराला, थोरल्यांबरोबरच्या संरक्षण करारावर आणखी दहा वर्षांसाठी सही व्हायची होती. मसुदा वकिलाचा होता.

तो एक वाजता आला. बूट काढताकाढताच म्हणाला, "तीन किलो? पुस्तकं काढा. तिकडे पुस्तकं मिळतात."

"पुस्तकं नाहीतच, बाबा. आजीने दिलेलं लोणचं आहे."

"मग काट्याचं बरोबर आहे."

सगळे हसले. ताईही हसली. पण त्याने टेबलाशी बसताना आधी तिच्या पायाशी असलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. एकतीस वर्षं पडद्यावरचे ठिपके बघून ज्या बाईचे डोळे तयार झालेत, तिच्यासमोर चोरून बघण्यात काही अर्थ नसतो.

जेवण झाल्यावर तो गॅलरीत गेला. ताईही मागोमाग गेली. दोरीवर आईच्या चादरी वाळत होत्या, त्यांच्यामध्ये दोघं उभी राहिली.

"बोल," ताई म्हणाली. "मघापासून तोंडावर अजेंडा घेऊन जेवतोयस."

"तू अजून पाठवला नाहीस."

"पाचपर्यंत वेळ आहे."

"एक शब्द आहे, ताई."

"माहीत आहे. आधी तीनदा लिहिलाय."

तो फॉर्म रडारबरोबरच आला होता, पेटीत जशी माहितीपुस्तिका येते तसा. रडार बंद पडलं की अठ्ठेचाळीस तासांत, मध्ये सुट्टी आली तर तिसऱ्या दिवशी, तो भरून संरक्षण समितीकडे पाठवायचा. कारणाच्या रकान्यात चार पर्याय होते: हवामान, वीजपुरवठा, नियमित देखभाल आणि इतर. 'इतर' निवडलं की खाली एक कोरी ओळ उघडायची. ती ओळ केंद्रातल्या कोणी कधी पाहिलेली नव्हती. गेल्या आठ महिन्यांत तीनदा पडदे थिजले होते. पहिल्यांदा, थोरल्यांना उत्तरेचं बंदर वापरू द्यायला आपण नाही म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसऱ्यांदा, जागतिक सभेत आपण त्यांच्या बाजूने मत दिलं नाही त्या आठवड्यात. तिसऱ्यांदा काहीच घडलेलं नव्हतं, आणि ताईला सगळ्यात जास्त घोर त्या तिसऱ्याचाच लागला होता. तिन्ही वेळा तिने 'नियमित देखभाल' लिहिलं. तसं लिही असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी वकील फोनवर नुसता म्हणाला होता, "बघ, साधंच काहीतरी असेल." तिने साधंच काहीतरी लिहिलं. या गुरुवारी चौथ्यांदा झालं.

"हे बघ," वकील म्हणाला, "आज पाचला तुझा अहवाल समितीकडे जाणार. त्यात 'इतर' असलं तर समिती विचारणार, इतर म्हणजे काय. मंत्री मला विचारणार. मग मी थोरल्यांना विचारायचं. सही करायच्या अठरा तास आधी. काय हो, तुम्ही अधूनमधून आमचे डोळे मिटता का? असं?"

"विचार ना."

"असं कोणी विचारतं का, ताई?"

"आपण नाही विचारत. म्हणून तर चार वेळा झालं."

"आणि ते रागावून उठून गेले तर? उत्तरेला पलीकडच्यांची नऊ जहाजं उभी आहेत. आपली किती?"

"चार. त्यातलं एक गोदीत."

"म्हणजे तीन. तीन जहाजं घेऊन तू नऊ जहाजांना काय सांगणार? आमच्याकडे फार नेकीने भरलेला फॉर्म आहे?" तो चादर बाजूला सारून जवळ आला. "मला ते आवडतात म्हणून मी करार करतोय असं वाटतं तुला? त्यांच्याशिवाय आपण एक हिवाळासुद्धा काढणार नाही. मला आकडे पाठ आहेत."

हे खरं होतं. ताईला वकिलाचा राग यायचा तो नेमका इथे, त्याचं बरोबर असायचं तिथे.

"मुद्दाम केलं त्यांनी, असं वाटतं तुला?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"मग झालं तर!"

"झालं काय? माहीत नाही, तेच लिहायचंय मला."

"आत या दोघं," खिडकीतून आईचा आवाज आला. "मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलीत. दोन माणसं हळू बोलायला लागली की मला जास्त ऐकू येतं."

आत वहिनीने टेबल पुसून घेतलं होतं, पण उठलं कोणीच नव्हतं. चिमणी बॅगेवरच बसली होती. वकिलाने दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आपल्या बाजूने आणि नेटकं. त्यात गुरुवारचं धुकं नव्हतं, गस्तीबोट नव्हती. 'तांत्रिक खंड' असा शब्द होता.

सगळ्यांत आधी वहिनीने विचारलं, "चिमणीचा व्हिसा?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही," वकील म्हणाला. फार चटकन म्हणाला.

"माझ्यापायी कोणी काही लिहायचं थांबणार असेल," चिमणी म्हणाली, "तर मी आत्ताच बॅग उघडते. तीन किलोंचा प्रश्नही मिटेल."

"तू गप गं," वहिनी म्हणाली, पण तिचा हात मुलीच्या गुडघ्यावर गेला.

आईने चष्मा काढून पदराने पुसला. ताईला ही खूण ठाऊक होती. आई आता मुलाच्या बाजूने बोलणार.

"उपकार विसरू नये माणसाने," आई म्हणाली. "तुम्हाला ते दिवस माहीत नाहीत. दोन बेटांवरची माणसं होड्यांतून यायची, अंगावरच्या कपड्यांनिशी. बंदराच्या गोदामात झोपवलं होतं त्यांना. मग ती जहाजं आली. मी धक्क्यावर उभी होते, ही ताई माझ्या पोटात होती. अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. माझ्या छातीत आज जे टिकटिक करतंय ना, तेही त्यांचंच. आणि आता त्यांच्यावर आळ घ्यायचा? एका फॉर्मसाठी?"

"आळ नाही घेत, आई."

"मग लिही की देखभाल. नाहीतरी देखभाल म्हणजे काय? कोणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढंच ना!"

वकिलाला हसू आवरलं नाही. "आई, तुला खात्यात घ्यायला हवं होतं."

एरवी ताईनेही त्यात भर घातली असती. आज तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"गुरुवारचं सांगते," ती म्हणाली. "याने नाही सांगितलेलं."

"ताई—"

"तुझा मसुदा वाचून झालाय. आता माझा ऐक."

गुरुवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी पडदे गेले. गेले म्हणजे काळे झाले नाहीत. तसं झालं असतं तर बरं, निदान कळलं तरी असतं. चित्र होतं तसंच थिजलं. समुद्रावरचे सगळे ठिपके जागच्या जागी उभे, शाळेच्या फोटोसाठी थांबल्यासारखे. मिनिटभर तर कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाहेर दाट धुकं. तेवढ्यात गस्तीबोटीवरून कप्तानाचा आवाज आला. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, गेल्याच वर्षी लग्न झालेला. "मॅडम, समोर इंजिनाचा आवाज येतोय. मोठं आहे काहीतरी. कोण आहे?"

"आणि मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "अख्ख्या देशात हे ज्या एका खुर्चीला माहीत असायला हवं, त्या खुर्चीवर मी बसले होते. पडद्यावर त्याच्यासमोर रिकामा समुद्र होता."

"मग?" चिमणीने विचारलं.

"तात्यांच्या वेळची काचेची पाटी आहे आमच्याकडे. मेणाच्या पेन्सिलीने दर दहा मिनिटांनी तिच्यावर जहाजं मांडायची. सगळे हसतात मला, म्हणतात मॅडमची रांगोळी. चित्र नेमकं कधी थिजलं ते कळत नव्हतं, पण पाटीवर दूरच्या एका जहाजाची नऊ वाजताची खूण होती. त्यावरून अंदाज केला, नऊला इथे होतं, एवढ्या वेगाने येत असेल तर आत्ता कुठे. म्हटलं, डावीकडे वळ, वेग कमी कर आणि तोफेला कोणी हात लावू नका. अंदाज होता गं तो नुसता. चुकला असता, तर मीच त्या मुलाला त्या जहाजाच्या तोंडी दिलं असतं."

"होतं कोण?"

"पलीकडच्यांची युद्धनौका. धुकं विरलं तेव्हा दोनशे मीटरवर होती. तोफांवरची कापडं काढलेली. त्यांनाही समोर कोण आहे ते कळत नव्हतं. कोणी शिंकलं असतं तरी युद्ध झालं असतं." ताईने श्वास घेतला. "एकोणीस मिनिटांनी चित्र आपोआप चालू झालं. आम्ही कशालाही हात लावला नव्हता."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. वहिनी उठून तो घट्ट बंद करून आली.

"बोटीवर किती जण होते?" आईने विचारलं.

"चौदा."

मग आईने, कोणी विचारलेलं नसताना, वेगळंच काहीतरी काढलं.

"रडार यायच्या आधी किनाऱ्यावर बत्तीस चौक्या होत्या आपल्या. दीपगृहावरची माणसं, कोळी, एक तर शाळामास्तर होता. समुद्रात काही दिसलं की फोन करायचे. बत्तीस तारा माझ्या बोर्डावर. आवाजावरून कळायचं, घाबरून बोलतोय की नेहमीचं. तात्यांची नि माझी ओळख तशीच झाली, तुम्हाला सांगून झालंय."

"हजारदा," वकील म्हणाला.

"पुढचं नाही सांगितलं. रडार आलं आणि महिन्याभरात तात्यांनी सगळ्या चौक्या बंद केल्या. तारा काढून गुंडाळून ठेवल्या."

"थोरल्यांनी सांगितलं म्हणून?" चिमणीने विचारलं.

"कुठलं! त्यांना चौक्या आहेत हेसुद्धा माहीत नसेल. तात्या म्हणाले, नवं रडार असताना जुनी माणसं ठेवली तर थोरल्यांना वाटेल, आपला त्यांच्यावर विश्वास नाही. मी विचारलं, ते म्हणाले का तसं? तर म्हणाले, म्हणायला कशाला हवं, आपल्याला कळायला नको?" आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्या मास्तराला मीच कळवलं शेवटच्या फोनवर. तो म्हणाला, बाई, मी नुसता बघत बसलो तर चालेल ना? पगार नको. मी तार काढली."

ताईने हे कधीच ऐकलं नव्हतं. तात्यांचा फोटो केंद्रात तिच्या खुर्चीमागे होता. थोरल्यांपुढेही न वाकलेला माणूस म्हणून नव्या मुलांना त्याच्या गोष्टी सांगितल्या जायच्या.

"घराण्यातच आहे म्हणजे," वहिनी म्हणाली.

"काय?" वकिलाने विचारलं.

"मागायच्या आधी देऊन मोकळं व्हायचं. लग्नात हीच रीत माझ्या वडिलांना फार आवडली होती."

ताई हसली. वकील हसला नाही. तो मिठाची बाटली उगीचच फिरवत बसला होता.

"उत्तरेच्या बंदराबद्दल आपलं एक निवेदन होतं," तो म्हणाला. "मीच लिहिलं होतं, चांगलं कडक. तुझे पडदे पहिल्यांदा गेले ना, त्याच्या आठवड्याने मी त्यातली दोन वाक्यं काढली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचा माणूस मला त्या दिवशी भेटला तो मुलांच्या शाळांबद्दल बोलत होता. फक्त शाळांबद्दल. मी परत येऊन वाक्यं काढली."

"मग काढली कशाला?" आईने विचारलं.

"काय माहीत, मुद्दाम असेल तर? असं वाटलं."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर..." वकील थांबला. वाद घालताना तो थांबल्याचं ताईने पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. "नसेल तर ती दोन वाक्यं मी फुकट दिली."

"ते मुद्दाम करतात की नाही याने मग फरकच काय पडतो?" ताई हळूच म्हणाली. "बटण त्यांच्याकडे आहे, एवढं आपल्याला माहीत असलं की पुरे. त्यांना दाबायलाही नको."

"माझं ऐकाल?" वहिनी म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत होती. "इन्सुलिन मी दोन एजन्स्यांकडून घेते. आधी एकच होती. तो एजंट वीस वर्षांचा घरोब्याचा, आपल्या चिमणीला खेळणी आणायचा. एकदा त्याचा माल दहा दिवस आला नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा! दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसून राहिले होते, मला अजून दिसतात. त्यानंतर मी दुसरी एजन्सी लावली. मला वाटलं हा रागावणार. कसला रागावतोय! उलट तेव्हापासून त्याचा माल वेळेच्या आधी येतो."

"देश म्हणजे औषधाचं दुकान नव्हे गं."

"नाहीच. दुकानात माल संपला तर मला गिऱ्हाइकाला तोंड दाखवावं लागतं."

वकिलाने बाटली खाली ठेवली. तो वाद हरला होता हे त्यालाही कळत होतं, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? "ठीक आहे. लिही. पण मंगळवारी लिही, सही झाल्यावर. मी स्वतः समितीकडून दोन दिवस मागून घेतो."

"सही झाल्यावर पुढची दहा वर्षं रोज मंगळवारच असेल."

"ताई, तुझी खुर्ची जाईल!" तो ओरडला. मनातलं शेवटी बाहेर आलं. "कळतंय का तुला? 'इतर' लिहिलंस की आधीच्या तीन नोंदी खोट्या ठरतात. सही तुझी आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. ते थोरल्यांची चौकशी करणार नाहीत, तुझी करतील."

"खोट्या ठरतात काय? आहेतच."

तिने लॅपटॉप उचलून टेबलावर ठेवला. केंद्रातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत ती तेविसाव्या वर्षी गेली होती. लग्न झालं नाही, म्हणजे जमलं नाही, म्हणजे मधल्या काळात ते विचारायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. सकाळी सातला त्या खुर्चीवर बसलं की समुद्र आपल्याला ओळखतो असं तिला वाटायचं. बाकी कुठल्याच खोलीत तिला कोणी आपल्याला ओळखतं असं वाटलं नव्हतं. वकिलाला हे माहीत होतं, म्हणून तर तो ओरडला.

तिने 'इतर' निवडलं. कोरी ओळ उघडली. चांगली लांब होती, कोणीतरी विचार करून ठेवलेली. ताईने लिहिलं: "कारण आम्हाला माहीत नाही. यंत्र बाहेरून थांबवता येतं का, हे तपासायचं साधन केंद्राकडे नाही. यापूर्वीच्या तीन नोंदींत मी 'नियमित देखभाल' लिहिलं, ते खरं नव्हतं. चौदा माणसांचा जीव नऊ वाजताच्या एका खुणेवर वाचला. पुढच्या वेळी वाचेलच असं मी सांगू शकत नाही."

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वकिलाने मागून वाकून पाहिलं.

"माझं नाव नाही यात."

"तू काही सांगितलंच नव्हतंस. साधंच काहीतरी असेल, म्हणालास. तो काय हुकूम असतो?"

पावणेपाचला तिने बटण दाबलं. आईने उठून सगळ्यांसाठी चहा टाकला आणि वहिनीने चिमणीच्या बॅगेतून, न विचारता, लोणच्याच्या दोन बरण्यांतली एक काढून फळीवर ठेवली.

सव्वापाचला वकिलाचा फोन वाजला. खात्याच्या सचिवांचा. तो गॅलरीत गेला. मधलं दार उघडंच राहिलं आणि आईने तर चहाचा कप घेऊन खुर्चीच तिकडे सरकवली.

"हो सर... हो, वाचलंय. पाठवायच्या आधी... नाही, मी अडवलं. तिने ऐकलं नाही." मग बराच वेळ नुसतं 'हं'. मग, "सर, एक सांगायचं होतं. पहिल्या वेळी ती मला विचारत होती, तेव्हा मी तिला साधं काहीतरी लिहायला सुचवलं. आणि बंदराच्या निवेदनातली दोन वाक्यं मी काढली. मसुद्याच्या फाइलमध्ये दिसणार नाही ते. म्हणून सांगतोय."

वहिनीने डोळे मिटून घेतले आणि उघडले. ताईला चहा कडू लागला, साखर घातलेली असूनही.

तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"काय म्हणाले?" वहिनीने विचारलं.

"त्यांना दुसऱ्या वेळेपासूनच संशय होता."

"मग बोलले का नाहीत?"

"त्यांना वाटलं, मंत्र्यांना आवडणार नाही."

"आणि मंत्री?"

"मंत्र्यांनाही संशय होता. त्यांना वाटलं, मला आवडणार नाही."

"तू कोण एवढा लागून गेलास?" आई म्हणाली.

चिमणी इतकी हसली की तिला ठसका लागला. वकिलालाही हसावं लागलं. मग हसू ओसरलं आणि तो ताईसमोरच्या खुर्चीवर बसला.

"सही उद्याच आहे. अकराऐवजी चारला. अकराला थोरल्यांबरोबर आधी बैठक, फक्त रडारवर. मला या करारातून काढलं नाहीये. निदान उद्या चारपर्यंत तरी नाही." तो टेबलाकडे बघत पुढे म्हणाला, "तू उद्यापासून केंद्रात जायचं नाहीस. चौकशी होईपर्यंत. पत्र उद्या येईल. सचिव म्हणाले, भाऊ आहेस, तूच सांग."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

ताईने मान डोलावली. सोमवारी सकाळी सात वाजता माणसं घरी काय करतात, याचा तिने विचार करून पाहिला. तिला काहीच सुचेना. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवून दिला, थोपटलं वगैरे नाही. टेलिफोनवर काम केलेल्या बायकांना कुठे बोलायचं नाही ते कळतं.

"थोरले काय म्हणतील उद्या?" चिमणीने विचारलं.

"नाही म्हणतील," वकील म्हणाला. "किंवा हसून म्हणतील, अहो, एवढंच ना, आधी का नाही विचारलंत. मला खरंच सांगता येत नाही. त्यांच्याशी मी वीस वर्षं बोलतोय आणि मला सांगता येत नाही."

त्याने वहिनीकडून चिमणीची एक कोरी वही मागून घेतली, बॅगेतून काढलेली. पहिलं पान उघडून हाताने सपाट केलं. नेहमी तो आधी मुद्दे क्रमांक घालून लिहायचा आणि मग बोलायला लागायचा. आज त्याने पेनाचं टोपण काढलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"ताई, पडद्यामागे काय असतं, ते बाहेरून कसं थांबवता येतं, आपल्या हातात काय असायला हवं, सगळं पहिल्यापासून सांग. आणि सावकाश सांग," वकील म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही."

ताईने खुर्ची त्याच्या बाजूला ओढली.